बागा, सोयरिकी आणि वारसाहक्क: ब्रिटिश उमराव घराण्यांतल्या बायका

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत केपल कुटुंबाचं एक मोठं चित्र आहे. कॉर्नेलियस जॉन्सन या चित्रकाराने ते 1640 च्या सुमारास काढलं. आईबाप, पाच मुलं, सगळ्यांच्या अंगावर रेशीम आणि लेस, आणि पाठीमागे त्यांची हर्टफर्डशर परगण्यातली लिटल हॅडमची आखीवरेखीव बाग. त्या काळी असं चित्र काढून घ्यायचं ते आपल्याकडे काय काय आहे हे लोकांना दिसावं म्हणून. वारस दाखवायचा, कपडालत्ता दाखवायचा, तशीच बागही दाखवायची.

चित्रातला बाप, आर्थर केपल, यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढला. पहिल्या चार्ल्स राजाचा 1649 साली शिरच्छेद झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच केपलचाही. बाग मात्र मुलांच्या डोक्यात राहिली. थोरला आर्थर पुढे अर्ल ऑफ एसेक्स झाला आणि त्याने कॅशिओबरीची बाग नावारूपाला आणली. आईच्या मांडीवरचा धाकटा हेन्री लग्नानंतर लंडनजवळ क्यू इथे राहायला गेला. मुलगी एलिझाबेथ फुलांची चित्रं काढायची. तिने 1662 साली काढलेलं एक चित्र आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. आणि मेरी? ती आपल्या काळातली इंग्लंडमधली बहुधा सर्वात जाणकार वनस्पतीसंग्राहक ठरली.

ब्रिटिश बागांचा इतिहास सहसा पुरुषांच्या नावांनी सांगतात. अमक्या ड्यूकची बाग, तमक्याने केलेली आखणी. पण नातीगोती समोर मांडून तोच इतिहास वाचला की वेगळं दिसायला लागतं. त्यासाठी आधी तिथला वारसाहक्क कसा चालायचा ते बघावं लागेल. किचकट आहे, पण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

या घराण्यांमध्ये जमीन वाटली जात नसे. किताब आणि इस्टेट दोन्ही थोरल्या मुलाकडे. तुकडे पडले तर घराण्याचा दबदबा संपला, हा हिशेब. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर वकिलांनी त्यावर आणखी पक्की गाठ मारली. ज्याच्या नावावर इस्टेट आहे तो केवळ हयातीपुरता उपभोग घेणार, त्याला ती विकता येणार नाही, आणि त्याचा मुलगा कर्तासवरता झाला की पुन्हा नवा करार करून पुढच्या पिढीलाही तसंच बांधून ठेवणार. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखंच थोडंफार. फक्त इथे भाऊबंदांना वाटा मागायची सोय नव्हती.

मुलींना लग्नात रोख रक्कम मिळे. ती नवऱ्याकडे जाई. लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाईचं वेगळं अस्तित्वच राहत नसे: तिच्या वस्तू नवऱ्याच्या, तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात. बदल्यात लग्नाच्या करारात एक गोष्ट लिहून ठेवत. ती विधवा झाली तर तिला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळेल. मोठ्या इस्टेटींवर बहुतेक वेळा एक दुय्यम घरही असे; थोरला मुलगा सून घेऊन मुख्य वाड्यात आला की सासूबाई त्या घरात. विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता घेण्या-विकण्याचा धड हक्क मिळाला तो 1882 च्या कायद्याने.

मग बाग कोणाची? कागदोपत्री जमीन ज्याची त्याची, म्हणजे नवऱ्याची. पण रोज सकाळी माळ्याशी बोलायचं, बियांसाठी पत्रं लिहायची, कोणतं रोप कुठे लावायचं ते ठरवायचं, हे घरच्या बाईकडे येई, विशेषतः नवरा दरबारात किंवा पार्लमेंटमध्ये अडकलेला असला की. आणि जमीन हलवता येत नसली तरी बिया, कंद, वाळवलेली पानंफुलं, चित्रं हलवता येतात. या बायकांनी नेमकं तेच हलवलं. माहेराहून सासरी, बहिणीकडून भावाकडे, आजीकडून नातवाकडे.

मेरीचं पहिलं लग्न 1648 मध्ये झालं. नवरा 1654 मध्ये गेला. 1657 मध्ये तिने हेन्री सॉमरसेटशी दुसरं लग्न केलं. त्याला 1682 साली ड्यूक ऑफ बोफर्ट हा किताब मिळाला आणि ती डचेस झाली. ग्लॉस्टरशरमधलं बॅडमिंटन हे तिचं सासर. (हो, खेळाचं नाव याच घरावरून पडलं, पण ते दोनशे वर्षांनंतर.) सुमारे 200 माणसांचं खटलं ती सांभाळत होती. त्यातच तिने गरम घरं बांधून घेतली: एका बाजूला काचा आणि आतून भट्टीच्या धुराच्या नळ्या फिरवलेल्या, जेणेकरून इंग्लंडच्या थंडीतही उष्ण देशातली रोपं जगावीत. भट्टी रात्री विझली की पहाटेपर्यंत सगळा माल गारठून मेला. म्हणजे कोणीतरी रात्रभर कोळसा घालत बसलेलं असणार. त्या माणसांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

तिच्याकडे वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिकेतलं केप, व्हर्जिनिया, भारत, चीन असं कुठून कुठून बी येत होतं. लंडनमध्ये चेल्सीला तिचं दुसरं घर होतं, आणि तिथेच तिची हान्स स्लोन या डॉक्टर-संग्राहकाशी ओळख वाढली. पण मला यातला सर्वात मजेदार भाग घरातलाच वाटतो. तिचा मुलगा 1698 मध्ये घोडागाडीच्या अपघातात गेला. दोन वर्षांनी ड्यूकही गेला आणि पंधरा वर्षांचा नातू एकदम गादीवर आला. त्याला शिकवायला विल्यम शेरार्ड नावाचा शिक्षक ठेवला. शेरार्ड त्या काळातला नामांकित वनस्पतीशास्त्रज्ञ. नातवाचा अभ्यास किती झाला देव जाणे. आजीबाईंनी मात्र या शिक्षकाला थेट बागेत जुंपला. त्याच्या ओळखींमुळे शेकडो नवी रोपं बॅडमिंटनला आली. 1703 पासून तिने एव्हरार्ड किक या चित्रकाराला बोलावून आपल्या दुर्मीळ झाडांची चित्रं काढून घेतली. बागांवर लिहिणाऱ्या स्टीफन स्विट्झरने पुढे नोंदवलं की देवधर्माची वेळ सोडली तर तिचा दोन तृतीयांश वेळ बागेतच जाई.

तिने 1710 मध्ये वाढवलेलं एक आफ्रिकन झाड म्हणजे पेलार्गोनियम झोनाले. आज पाचगणी-महाबळेश्वरच्या नर्सऱ्यांत ‘जिरेनियम’ म्हणून कुंडीत मिळणारी लाल-गुलाबी फुलं त्याच्याच वंशातली.

1715 साली वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती गेली. बॅडमिंटनची जमीन नातवाकडे होतीच. पण वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचे 12 खंड तिच्या हातातले होते. ते तिने स्लोनला दिले. स्लोनचा संग्रह 1753 साली सरकारने घेतला आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. मेरीचे खंड आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. तिची गरम घरं कधीच गेली. पानं टिकली.

आता तिच्या धाकट्या भावाकडे, हेन्रीकडे वळू. तो क्यूला राहायला गेला खरा, पण ते घर त्याचं नव्हतं. त्याची बायको डॉरथी बेनेट हिला ते वडिलांकडून मिळालं होतं. घराण्यात मुलगा नसला की मुलीच्या वाट्याला असं घर येऊ शकत असे. हेन्रीने तिथे उत्तम फळझाडं आणि संत्र्या-लिंबांसाठी गरम घर केलं. जॉन एव्हलिन या समकालीनाने आपल्या रोजनिशीत त्याची तोंडभरून स्तुती केली आहे. हेन्री 1696 मध्ये वारला. डॉरथी 1721 पर्यंत जगली. मूलबाळ नव्हतं. तिच्यानंतर ते घर गेलं हेन्रीच्या पुतण्याच्या मुलीकडे, तीही एलिझाबेथ केपलच. तिचा नवरा सॅम्युएल मॉलिन्यू खगोलशास्त्राच्या नादी लागलेला. 1725 साली त्याने त्याच घरात दुर्बीण बसवली आणि तिथल्या निरीक्षणांतून पुढे जेम्स ब्रॅडलीने प्रकाशाच्या विपथनाचा (पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे जरासे सरकलेले दिसतात, त्याचा) शोध लावला. तो वेगळाच विषय आहे, सोडून देऊ.

मॉलिन्यू वारल्यानंतर 1730 च्या सुमारास हे घर भाड्याने घेतलं ते दुसऱ्या जॉर्ज राजाच्या थोरल्या मुलाने, युवराज फ्रेडरिकने. आणि इथून सुरू होतो तो अस्सल सासू-सुनेच्या मालिकेत शोभेल असा भाग.

फ्रेडरिकची आई राणी कॅरोलाइन अगदी शेजारीच राहत होती, रिचमंडच्या इस्टेटीत. मध्ये फक्त एक गल्ली. आईचं आणि मुलाचं इतकं बिनसलेलं होतं की 1737 मध्ये ती मरणाला टेकली तेव्हाही त्याला भेटू दिलं नाही. कॅरोलाइनला बागेचा जबर नाद. चार्ल्स ब्रिजमन आणि विल्यम केंट या दोघा बाग आखणाऱ्यांना हाताशी धरून तिने रिचमंडची बाग सजवली. लंडनच्या हाइड पार्कमधला सर्पेंटाइन तलावही तिचाच. खर्च कुठून यायचा? पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल सरकारी तिजोरीतून गुपचूप पैसे पुरवत होता, असं त्याच्याच मुलाने, होरेस वॉलपोलने लिहून ठेवलंय. राजाची समजूत अशी की बायको स्वतःच्या पैशाने हौस करते आहे, म्हणून तो नकाशेही बघत नसे. ती गेल्यावर बागेपायी वीस हजार पौंडांचं कर्ज निघालं.

फ्रेडरिकची बायको ऑगस्टा जर्मनीतून 1736 मध्ये आली तेव्हा सोळा वर्षांची होती. 1751 मध्ये फ्रेडरिक अचानक वारला. पदरात आठ मुलं, नववं पोटात. राणी होण्याची आशा संपली, मुलगा अजून लहान. तिने क्यू सोडलं नाही. 1759 साली विल्यम एटन या माळ्याला नेमून तिने तिथे वनस्पतींसाठी खास बाग सुरू केली. आजचं क्यू गार्डन आपली सुरुवात या सालापासून मोजतं. बागेतला दहा मजली चिनी पॅगोडा 1762 मध्ये विल्यम चेंबर्स या वास्तुरचनाकाराने तिच्यासाठीच बांधला.

तिचा सल्लागार होता लॉर्ड ब्यूट. लंडनच्या चहाडखोरांनी या दोघांविषयी हवं ते छापलं. तो भाग आपल्या कामाचा नाही. कामाचं नातं दुसरं आहे. ब्यूटचा मामा म्हणजे तिसरा ड्यूक ऑफ आर्गाइल. मामाला झाडांचं वेड आणि लंडनजवळ व्हिटनला मोठी बाग. मामा 1761 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी भाच्याने तिथली चांगली चांगली झाडं मुळासकट उपटून क्यूला आणली. त्यांतली काही अजून उभी आहेत.

ऑगस्टाचा मुलगा तिसरा जॉर्ज. त्याच्याकडे आजीची रिचमंडची बाग आली आणि आईची क्यूची. मधली गल्ली बंद करून दोन्ही एकत्र झाल्या. त्याची राणी शार्लट हीसुद्धा वनस्पतीशास्त्र शिकायची. पक्ष्याच्या चोचीसारखं केशरी-निळं फूल येणाऱ्या झाडाला जोसेफ बँक्स या वनस्पतीशास्त्रज्ञाने तिच्या माहेरच्या मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झ घराण्यावरून स्ट्रेलिट्झिया नाव दिलं. मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतही हे झाड दिसतं.

म्हणजे जगप्रसिद्ध क्यू गार्डनचा हा प्रवास बघा: बापाकडून मुलीला, तिच्याकडून नवऱ्याच्या चुलत नातीला, तिथून एका विधवा सुनेला. प्रत्येक वळणावर एक बाई, आणि बहुतेक वेळा एखादा मुलगा नसल्यामुळे किंवा नवरा लवकर गेल्यामुळे आलेली संधी.

दुसरी एक डचेस थोडक्यात. मार्गारेट कॅव्हेंडिश बेंटिंक, डचेस ऑफ पोर्टलंड. बकिंगहॅमशरमधल्या बुलस्ट्रोडला तिची बाग, प्राणी-पक्षी आणि शिंपल्यांपासून कीटकांपर्यंत अफाट संग्रह. तिच्याकडे मुक्कामाला येणारी मैत्रीण मेरी डिलेनी, विधवा. सत्तरी ओलांडल्यावर हिने तिथे एक उद्योग सुरू केला: काळ्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे चिकटवून फूल तयार करायचं. पाकळीची एकेक छटा वेगळ्या कागदाची, केसराचा दोराही कात्रीने कापलेला. समोर खरं फूल ठेवून, वनस्पतीशास्त्राला धरून. दहाएक वर्षांत, डोळे अधू होईपर्यंत, अशी 985 फुलं झाली. डचेस 1785 मध्ये गेली. जमीनजुमला थोरल्या मुलाकडे, आणि तिच्या संग्रहाचा पुढच्या वर्षी लिलाव, तो 38 दिवस चालला. तिची एक प्राचीन रोमन काचेची फुलदाणी मुलाला स्वतःच्या खिशातून पैसे मोजून परत घ्यावी लागली. डिलेनीची फुलं मात्र शाबूत राहिली. ती घराण्यातच फिरत शेवटी तिच्या बहिणीच्या पणतीकडे आली आणि 1897 मध्ये तिच्या इच्छेप्रमाणे ब्रिटिश म्युझियमला मिळाली.

या सगळ्याचा आपल्याशी एक खराखुरा धागा आहे आणि तो भायखळ्याच्या राणीबागेत उभा आहे. तिथलं उर्वशीचं झाड ज्यांनी फुललेलं बघितलंय त्यांना ते विसरता येणार नाही: लांब लोंबते घोस, शेंदरी-लाल फुलं, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. याचं शास्त्रीय नाव ॲम्हर्स्टिया नोबिलिस. 1823 ते 1828 या काळात भारताचा गव्हर्नर जनरल असलेल्या ॲम्हर्स्टची बायको सारा आणि त्यांची मुलगी, दोघींनाही झाडांची आवड. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनियल वॉलिच याने ब्रह्मदेशात सापडलेल्या या झाडाला मायलेकींचं नाव दिलं. ‘सापडलेल्या’ हा शब्द जपून घ्यायचा. तिथल्या लोकांना ते झाड चांगलंच ठाऊक होतं. मार्ताबानजवळच्या गुहांत बुद्धमूर्तींपुढे त्याच्या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने त्याच सुमारास युद्ध करून त्या बाजूचा मुलूख घेतला होता. उमराव बायकांच्या बागांमागे जहाजं, वसाहती आणि वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या कष्टावर उभा राहिलेला पैसा होता, हे झाकून या फुलांविषयी लिहिता येत नाही.

इंग्लंडमध्ये हे झाड फुलवायची चढाओढ लागली. ड्यूक ऑफ डेव्हनशरने ते आणायला 1835 मध्ये आपला माळी थेट भारतात धाडला. झाड पोचलं, पण पहिलं फूल 1849 मध्ये आलं ते लंडनजवळच्या ईलिंगला, लुइझा लॉरेन्स या एका सर्जनच्या बायकोच्या गरम घरात. ड्यूक हात चोळत बसला. राणीबागेचं म्हणाल तर 1862 मध्ये तिचं उद्घाटन गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या पत्नीच्या, लेडी फ्रिअरच्या हस्ते झालं.

कायदा आणि बाग यांची टक्कर सर्वात स्वच्छ दिसते ती विसाव्या शतकात, सॅकव्हिल घराण्यात. केंटमधला नोल हा त्यांचा वाडा; दिवसांइतक्या 365 खोल्या आहेत असं सांगतात. दुसऱ्या बॅरन सॅकव्हिलला पेपिता या स्पॅनिश नर्तकीपासून मुलं झाली, पण लग्न नव्हतं, त्यामुळे मुलांना हक्क नाही. किताब जाणार पुतण्याकडे. तेव्हा मुलगी व्हिक्टोरियाने त्या पुतण्याशीच, म्हणजे सख्ख्या चुलत भावाशी, लग्न केलं आणि नोलमध्येच राहिली. आपल्याकडे मामेभाऊ चालतो, चुलत भाऊ म्हटलं की भुवया उंचावतात. तिथे त्यात कोणाला काही वाटत नसे, आणि वाडा हातचा जाण्यापेक्षा बरंच.

त्यांना एकच अपत्य झालं. 1892 मध्ये. मुलगी. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट, पुढे लेखिका म्हणून गाजलेली. 1928 मध्ये वडील वारले आणि नोल तिच्या काकांकडे गेलं. ज्या घराचा कोपरा न् कोपरा तिला पाठ होता तिथे ती आता पाहुणी. दोन वर्षांनी तिने आणि नवरा हॅरल्ड निकल्सनने केंटमध्येच सिसिंगहर्स्ट नावाचं पडकं गढीवजा ठिकाण विकत घेतलं. विटांचा बुरूज, ढासळलेल्या भिंती, ढीगभर कचरा. पण सोळाव्या शतकात याच घरातली सिसिली बेकर सॅकव्हिल घराण्यात सून म्हणून गेली होती, हे व्हिटाला माहीत होतं. म्हणजे बापाच्या घराण्याने जे नाकारलं त्याच्या जागी तिने कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एका पणजीचं माहेर घेतलं.

बागेच्या रेषा हॅरल्डने आखल्या, लागवड व्हिटाची. कुंपणांनी आणि भिंतींनी वेगळ्या केलेल्या खोल्याच जणू, एकातून दुसरीत जायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने एका खोलीत फक्त पांढरी फुलं आणि रुपेरी-राखाडी पानं लावली. ती पांढरी बाग आज जगभर नकलली जाते. 1938 पासून शिलिंगभर दरात बाग लोकांना खुली होती. 1946 पासून ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात ती बागकामावर सदर लिहीत होती. 1959 मध्ये तिने पॅमेला श्वेर्ड्ट आणि सिबिल क्रॉइट्झबर्गर या दोन प्रशिक्षित माळिणींना कामावर घेतलं. व्हिटा 1962 मध्ये गेली, या दोघी 1990 पर्यंत तिथे होत्या. बागेला आज जे रूप आहे त्यात त्यांचा वाटा मालकिणीपेक्षा कमी नाही, असं माझं मत.

नोल काकांनी 1946 मध्येच जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिलं, सिसिंगहर्स्ट व्हिटाच्या मुलाने 1967 मध्ये. सिंहासनाचा वारसा ठरवताना मुलगा-मुलगी हा भेद ब्रिटनने 2013 च्या कायद्याने काढून टाकला. उमरावांच्या बहुतेक किताबांना तो कायदा लागू नाही. सहावे बॅरन सॅकव्हिल 2004 मध्ये वारले तेव्हा त्यांना पाच मुली होत्या. किताब पुतण्याला मिळाला.